मल्टिमीडिया जर्नलिझममध्ये मास्टर्स करायचंय? कोल्हापुरात बसून सुरुवात अशी करा

बीए, बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग, काहीही झालेलं असूदे, पत्रकारितेत मास्टर्सला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालतोय, हे पहिल्यांदा सांगून टाकतो, कारण ओळखीतल्या पोरापोरींचे निम्मे प्रश्न इथंच अडकलेले असतात. आणि कोर्सच्या नावात "मल्टिमीडिया" आहे म्हणून तो भारी असं काही नसतंय, नाव साधं "मास कम्युनिकेशन" असलं तरी आत कॅमेरा, ऑडिओ, डेटा, वेब सगळं शिकवत असतील तर तुमचं काम झालं. खाली क्रमानं लिहिलंय, पण दुसरी पायरी सोडून थेट तिसरीवर उडी मारू नका, बहुतेक जण तेच करतात.

पायरी 1: मल्टिमीडिया म्हणजे काय ते पंचगंगेच्या पुरावर समजून घ्या

लेख लिहायचा, त्यात चार फोटो, खाली व्हिडिओ आणि वरनं एक रील, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतंय. तेच तेच चार वेळा सांगितलं तर वाचणारा कंटाळणारच की. बातमीचा कुठला तुकडा कुठल्या माध्यमात नीट बसतोय हे ठरवायचं, सगळी डिग्री शेवटी याच्याभोवती फिरते.

जुलै-ऑगस्टात आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडात एकच आकडा, राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटावर. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाबी पाठ आहे. आता तासातासाला बदलणारी पातळी पॅराग्राफमध्ये लिहून काय उपयोग, तिला ग्राफ पाहिजे, मोबाईलवर बोटानं सरकवत बघता येईल असा. राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला, ही एका ओळीच्या अलर्टची बातमी. आंबेवाडी-चिखलीतनं माणसं-जनावरं बाहेर काढतात तिथं व्हिडिओच लागतोय. 2019 ला घरात पाणी आलं, 2021 ला परत आलं, त्या घरातल्या आजीचं बोलणं मात्र नुसत्या आवाजात घ्या, कारण कॅमेरा समोर आला की ती पदर सावरत बसते आणि खरं बोलायचं राहून जातंय. आणि "कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं कोल्हापूर बुडतंय का" या वादाला लेखच पाहिजे, नकाशासकट, कारण धरणाची पातळी 519.60 मीटरवरनं 524.256 मीटर करायचा कर्नाटकचा प्रस्ताव, नदीचा उतार, नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम, एवढं सगळं तीस सेकंदाच्या व्हिडिओत कोंबलं तर खाली कमेंटमध्ये भांडणं तेवढी होतात, डोक्यात काही शिरत नाही.

हे कळलं की बाहेरची कामं बघायला मजा येते. न्यूयॉर्क टाइम्सनं डिसेंबर 2012 मध्ये एका हिमस्खलनावर मजकूर, व्हिडिओ आणि फिरणारे नकाशे एकात एक गुंफून लांबलचक स्टोरी केली, 2013 ला तिला पुलित्झर मिळालं, आणि मग जगभरच्या न्यूजरूम तसंच करायच्या नादाला लागल्या, त्यातलं बरंचसं नुसतं दिखाऊ निघालं ती गोष्ट वेगळी. आपल्या जवळचं बघायचं तर पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेली "पारी" ही वेबसाइट बघा, गावाकडच्या स्टोऱ्या, फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, आणि मराठीत वाचता येतंय. अॅडमिशनआधी त्यातल्या दहा-पंधरा स्टोऱ्या वाचा आणि प्रत्येकीला विचारा की इथं फोटो का आणि व्हिडिओ का नाही.

पायरी 2: कॉलेज शोधायच्या आधी स्वतःचा विषय शोधा

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. मास्टर्सला रिकाम्या हातानं जाणारी पोरं पहिलं वर्ष "कशावर करू" या विचारात घालवतात, आणि विषय घेऊन गेलेली पोरं त्याच वर्षात कामाचा ढीग लावतात. मुलाखतीतपण "पत्रकार का व्हायचंय" याला "समाजासाठी काहीतरी करायचंय" हे उत्तर समोरच्यानं त्या दिवसात शंभरदा ऐकलेलं असतंय.

कोल्हापूरचा विषय म्हटला की दर बॅचमधनं मिसळ, तांबडा-पांढरा, कुस्ती आणि किरणोत्सव बाहेर पडतो. करा, पण नुसती मिसळ दाखवून कोणी कामावर घेत नाही. त्यापेक्षा हे बघा, 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात चालू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याखाली. म्हणजे हायकोर्टाची बातमी आता आपल्या गावात तयार होते, आणि ती नीट वाचून सोप्या मराठीत सांगणारी माणसं लागणारच. कोर्टात कॅमेरा नेता येत नाही, मग ही स्टोरी व्हिज्युअल कशी करायची, टाइमलाइन करायची का, निकालपत्रातली ओळ दाखवायची का, हा डोकं लावायचा भाग. एलएलबी करणारा एखादा मित्र असेल तर त्याला चहा पाजत चला.

चपलेचं घ्या. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि इकडं गदारोळ झाला, सगळ्यांनी बातमी केली, दोन आठवड्यात विसरले. पण 2019 ला या चपलेला जीआय, म्हणजे ही वस्तू याच भागातली असं सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळालंय ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, हे कितीजणांनी नकाशावर दाखवलं? कारागिराला जोडामागं काय सुटतंय, कातडं कुठनं येतंय, पुढची पिढी बसते का कामाला, यात सहा महिने पुरेल एवढं काम आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोलीच्या फाउंड्र्या, ऊसतोड आणि एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर), असं अजून लय आहे. स्वतःच्या घरातलं काही असेल तर आधी ते घ्या, वडील फाउंड्रीत असतील तर तुम्हाला जे दिसतंय ते पुण्या-मुंबईच्या रिपोर्टरला दिसणार नाही.

आणि "माझ्याकडं कॅमेरा नाही" हे कारण या गावात तरी देऊ नका. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि 1917 च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तुमच्या खिशात तर फोन आहे.

पायरी 3: कोर्स निवडा

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता आणि जनसंवादाचा विभाग आहे, मास्टर्स तिथं होतंय. घरचा डबा, कमी खर्च आणि तुमचा विषय हाताशी, हे फायदे कमी समजू नका. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग, म्हणजे फर्ग्युसन रोडचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा विभाग, मुंबईतच झेवियर कॉलेजची पत्रकारितेची संस्था. दिल्लीला जामिया विद्यापीठाचं एमसीआरसी हे माध्यम केंद्र, तिथं फिल्म आणि व्हिडिओचं काम पक्कं. आयआयएमसी, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन, दिल्लीला 1965 पासून आहे आणि तिचा एक कॅम्पस आपल्या अमरावतीला, तिथं मराठी पत्रकारितेचा पण कोर्स आहे, हे कोल्हापुरातल्या पोरांना माहीतच नसतंय. चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम इंग्रजीत काम करायचं असेल तर नावाजलेलं.

इथं एक गोम आहे. चेन्नईचा कोर्स पीजी डिप्लोमा आहे, एमए नाही, आणि डिप्लोमा अशा अजून बऱ्याच ठिकाणी असतो. न्यूजरूमला त्यानं काही फरक पडत नाही, पण पुढं नेट-सेट या पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापक व्हायचं किंवा पीएचडी करायची इच्छा असेल तर डिप्लोमा पुरत नाही, साधारणपणे मास्टर्सची डिग्री लागते. घरात आधी हे बोलून घ्या, मग फॉर्म भरा.

फॉरेनचं बोलायचं तर "मल्टिमीडिया जर्नलिझम" याच नावाचे एमए मुख्यतः ब्रिटनमध्ये दिसतात, बोर्नमथ, वेस्टमिन्स्टर वगैरे, बहुतेक एका वर्षाचे. तिकडं एनसीटीजे नावाची संस्था कोर्सला मान्यता देते, आणि गंमत म्हणजे मिनिटाला 100 शब्दांचं शॉर्टहँड तिच्या परीक्षेत अजूनही आहे. अमेरिकेत कोलंबियाचा साधारण दहा महिन्यांचा, बर्कलीचा दोन वर्षांचा. तिकडं जायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथं शिकवला जाणारा मीडिया लॉ तिथला असतो, अब्रुनुकसानी, कोर्टाचा अवमान, सगळं त्यांच्या कायद्यानं. परत येऊन इथं काम करणार असाल तर आपले कायदे वेगळे शिकावे लागतात.

आता कोर्स चांगला का वाईट ओळखायचं कसं? माहितीपत्रकावरच्या स्टुडिओच्या फोटोवर जाऊ नका. सिलॅबस डाउनलोड करा आणि प्रॅक्टिकलचे क्रेडिट मोजा. मग मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि एवढंच विचारा: कॅमेरा हातात किती वेळा आला, लिहिलेली बातमी तपासून लाल करून परत मिळते का नुसते मार्क मिळतात, आणि तुमचं काम कुठं छापून किंवा दाखवून आलं. तिसऱ्या प्रश्नावर गप्प बसले तर समजून जा. शिकवणाऱ्यांत न्यूजरूममध्ये काम केलेलं निदान कोणीतरी आहे का, तेपण बघा.

पायरी 4: फॉर्म, परीक्षा, कागदपत्रं आणि पैसा

हा कंटाळवाणा भाग आहे पण इथंच पोरं गळतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, एनटीए ही केंद्राची संस्था ती घेते, "मास कम्युनिकेशन अँड जर्नलिझम" असा वेगळा पेपर असतो. राज्यातल्या विद्यापीठांची आपापली पद्धत, कुठं प्रवेश परीक्षा, कुठं मेरिट, कुठं मुलाखत. दर वर्षी वेबसाइट बघा, मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर राहू नका. परीक्षेचा अभ्यास म्हणजे रोजचा एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर वाचायचा, आणि माध्यमांचा थोडा इतिहास, 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण काढलं हे तरी मराठी माणसाला विचारलं तर आलं पाहिजे.

कागदपत्रं आत्ताच काढायला टाका. विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्याप्रमाणे जातीचा दाखला, जात पडताळणीची व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर. तहसीलदार ऑफिसला जून-जुलैत काय गर्दी असते ते मी सांगायला नको. राज्यातल्या शिष्यवृत्त्या आणि फी सवलतीचा फॉर्म सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, कॉलेजला वेगळं काही कळत नाही, भरला नाही तर गेलं वर्ष.

परदेशासाठी अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. त्यात विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत वरच्या ठरावीक क्रमांकात असावं लागतं, आणि प्रॅक्टिकल पत्रकारिता शिकवणारी बरीच चांगली विद्यापीठं त्या यादीत बसतच नाहीत. म्हणून आधी क्रमवारी बघा, मग कोर्सवर जीव लावा. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती डिग्री संपल्या संपल्या मिळत नाही, 2,800 तास म्हणजे दोनेक वर्षांच्या कामाचा अनुभव मागतात, तेव्हा ती पुढच्या प्लॅनमध्ये ठेवा.

पायरी 5: पहिल्या दिवसाच्या आधी हाताला सवय लावा

एक लाखाचा कॅमेरा घ्यायची घाई करू नका. पहिला खर्च माइकवर. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक, हजाराच्या आसपास चालेलसा मिळतो. थोडा थरथरता व्हिडिओ लोक बघतात, पण आवाज फाटका असला की पाच सेकंदात पुढं सरकतात. महाद्वार रोडवर गर्दीत मुलाखत घेऊन बघा, फोनचा माइक आणि कॉलरचा माइक यातला फरक एका झटक्यात कळेल. बोलणं झालं की त्याच जागी कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करा, एडिटला बसल्यावर दोन वाक्यांच्या मधली भोकं बुजवायला तोच लागतोय. तेवढा वेळ गप्प उभं राहायला अवघड जातंय, पण राहा.

व्हिडिओला एक सेटिंग आजच बदला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 30 फ्रेमवर शूट केलं की ट्यूबलाइटखाली कधीकधी चित्र लुकलुकतं. 25 फ्रेम, आणि शटर हातानं लावता येत असेल तर 1/50. शॉट घेताना मनात दहा मोजा, कॅमेरा हलवू नका, पॅन नाही, झूम नाही. एका कामाचे पाच शॉट: हात काय करताहेत, चेहरा, लांबनं सगळी जागा, खांद्यावरनं त्याला काय दिसतंय ते, आणि एक तुमच्या डोक्यातला वेगळा. चप्पल शिवणाऱ्या एका माणसाचे हे पाच नीट मिळाले तर एक मिनिटाचा व्हिडिओ आपोआप उभा राहतो. आडवं का उभं, ते शूटच्या आधी ठरवा, नंतर कापायला गेलं की माणसाचं डोकं जातंय.

सॉफ्टवेअर फुकटातलं वापरा, ऑडिओला ऑडॅसिटी, व्हिडिओला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, त्याला लॅपटॉप मात्र जरा ताकदीचा पाहिजे, 16 जीबी रॅम असली तर बरं. ग्राफला डेटारॅपर किंवा फ्लरिश. कुठलंही एकच नीट शिका, दुसरं मग आठवड्यात येतं.

आणि टायपिंग! युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. पेपरच्या ऑफिसात अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट भेटतात, त्यातला मजकूर वेबवर टाकला की सगळी खिचडी होते, म्हणून कन्व्हर्टर कसा चालतो तेपण बघून ठेवा. फोनवर बोलून टाइप करता येतंय हे खरं, पण नावं आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासायला डोळे तुमचेच लागणार.

बॅकअप: फाइल तीन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर. संपला विषय.

पायरी 6: डिग्रीची वर्षं

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणं आता मास्टर्समध्ये ऑन जॉब ट्रेनिंग आणि रिसर्च प्रोजेक्ट आलाय. ट्रेनिंगला "सर्टिफिकेट कुठनं लवकर मिळेल" असं बघू नका. कोल्हापूर त्या मानानं नशीबवान गाव आहे, पुढारी इथलाच, बाकी मोठ्या पेपरांच्या आवृत्त्या इथं आहेत, आकाशवाणी 102.7 वर आहे, आणि यूट्यूबवर बातम्या करणारे तर गल्लोगल्ली. जिथं तुम्हाला फिल्डवर पाठवतील तिथं जा, नुसतं प्रेस नोट टाइप करायला बसवत असतील तर पंधरा दिवसांनी स्पष्ट बोला.

थिअरीचे पेपर टाळता येत नाहीत, आणि टाळू पण नका. त्यातल्या मीडिया लॉ ला मात्र पहिल्या बाकावर बसा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, लहान मूल असेल तर पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) कलम 23 आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74. नुसतं नाव लपवून भागत नाही, गावाचं नाव, शाळेचा युनिफॉर्म, घराचा दरवाजा, यावरनं गल्लीला कळत असेल तर ओळख उघडच झाली. व्हिडिओत हे पटकन निसटतंय, चेहरा धूसर केला आणि मागं बापाच्या दुकानाचा बोर्ड तसाच.

पहिल्या सेमिस्टरलाच एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. "रस्त्यांवर किती खर्च झाला" असं मोघम विचारलं तर मोघमच येणार, कुठला रस्ता, कुठलं आर्थिक वर्ष, कुठल्या बिलाची प्रत, असं विचारा. उत्तर येईपर्यंत सेमिस्टर अर्धं सरतंय, म्हणूनच लवकर टाका म्हणतोय.

ड्रोनचं वेड प्रत्येक बॅचला लागतंय. आपला विमानतळ उजळाईवाडीला, विद्यापीठापासून लांब नाही, तेव्हा उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवर ड्रोन कुठं चालतंय त्या झोनचा नकाशा बघा. लग्नाचा फोटोग्राफर उडवतो म्हणून आपण उडवायचं नसतंय.

माणसांशी बोलताना शूट कुठं दिसणार ते आधी सांगा. "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे" म्हणून घेतलं आणि नंतर यूट्यूबवर टाकलं, तर त्या माणसाच्या दारात परत जायला तोंड राहत नाही, आणि तुमच्या मागनं येणाऱ्या पोरांनापण ते दार बंद होतंय.

शेवटच्या रिसर्च प्रोजेक्टला तुमचा पायरी 2 मधला विषयच घ्या, "सोशल मीडियाचा तरुणाईवर परिणाम" हा विषय कृपा करून सोडा. गाइड कुरकुर करतील, म्हणतील याला साहित्याचा आढावा कुठनं आणणार. तेव्हा चपलेचा किंवा सर्किट बेंचचा विषय "स्थानिक माध्यमांनी हे कसं मांडलं" असा फिरवून द्या, चार पेपरांचे सहा महिन्यांचे अंक घेऊन मजकुराचं विश्लेषण करता येतंय, प्रोजेक्टही होतो आणि तुमच्या स्टोरीची पार्श्वभूमीही तयार होते.

पायरी 7: पोर्टफोलिओ आणि नोकरी

वेबसाइट साधी, फुकटातली चालते. त्यात पाच कामं ठेवा, पंधरा नकोत: एक लांब लेख, एक व्हिडिओ, एक ऑडिओ, एक आकड्यांवरची स्टोरी, आणि एक असं ज्यात हे सगळं एकत्र आलंय. प्रत्येकाखाली दोन ओळीत लिहा की यातलं तुम्ही काय केलं, कारण ग्रुप प्रोजेक्टमध्ये पाच जणांची नावं असतात आणि एडिटरला ते माहीत असतंय. व्हिडिओची लिंक मोबाईलवर, डेटावर उघडून बघा, बघणारा ती बसमध्ये बघणार आहे.

नोकरी म्हणाल तर सुरुवातीचा पगार बघून घरचे नाक मुरडणार, त्याची तयारी ठेवा. मुलाखतीला शिफ्ट किती तासांची, महिन्याला व्हिडिओ किती मागतात, स्वतःचा फोन आणि पेट्रोल कुणाचं, आणि बाहेरचं फ्रीलान्स काम चालतंय का, हे चार प्रश्न लाजत न बसता विचारा. "मल्टिमीडिया जर्नलिस्ट" असं पद देऊन रिपोर्टर, कॅमेरामन, एडिटर आणि सोशल मीडिया असं चौघांचं काम एकाच्या गळ्यात मारायची पद्धत सगळीकडं आहे, सगळं जमतंय म्हणून सगळं रोज करायचं का, ते आधी ठरवून बोला. ऑफर लेटरमध्ये तुमच्या फुटेजचा हक्क कुणाकडं राहणार ते वाचून मगच सही करा. नेट परीक्षेत या विषयाचा कोड 63 आहे, वर्षातनं दोनदा परीक्षा होते, मास्टर्सच्या शेवटच्या वर्षात असतानापण फॉर्म भरता येतो, तेव्हा शिकवायची थोडीजरी इच्छा असेल तर थिअरी ताजी आहे तोवर देऊन टाका.